लाल दोऱ्याचा डबा

साल एकोणीसशे अडुसष्ट. उन्हाळा सरत आला होता. वैद्यांच्या आठ खाटांच्या रुग्णालयात, खिडकीलगतच्या चौथ्या खाटेपाशी वैद्य वाकून उभे होते. सकाळचे नऊ वाजले असतील. त्यांनी शिंप्याच्या नडगीवर अंगठा दाबला, मनाशी पाच आकडे म्हटले आणि अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रोवावे तसा.

"पाणी पुन्हा चढलंय," वैद्य म्हणाले. "चार दिवसांपूर्वी ह्याच पायाचं हाड मला दिसत होतं. शिंपीदादा, बाहेरचं काय खाल्लंत?"

शिंपी एरवी सुईत दोरा ओवतानासुद्धा बोलणारा माणूस. तो आज छताकडे बघत पडून राहिला.

"ते बिचारे काय खातील?" पुडीमास्तर मागून म्हणाले. औषधाच्या पुड्या बांधायच्या आणि दारात बसून भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायच्या, अशी दोन कामे त्यांच्याकडे होती, आणि दुसरे ते जास्त मन लावून करीत. "खायला घालणारे बाहेरून येतात. पिशवी मी बघतो हो, पण पिशवीला तळ असतो, आणि काही पिशव्यांना तळाखाली आणखी एक तळ असतो."

उशाशी उभी असलेली शिंप्याची बायको पांढरीफटक पडली. "माझ्या गळ्याची शपथ! मी घरून पाण्याचा घोटसुद्धा आणला नाही."

"मग मीठ अंगात शिरलं कुठून, वहिनी?" वैद्य कधी आवाज चढवत नसत. म्हणून त्यांचे बोलणे जास्त लागे. "पेजेतून तर नाही. पेज मावशींच्या हातची, आणि मावशी स्वतः तीच जेवतात. तिच्यात मिठाचा कण असता तरी त्यांना आधी कळला असता. काय मावशी?"

मावशी दारात पेजेचे वाडगे घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी मागे वळून पाहिले.

"हो," मावशी म्हणाल्या.

एवढेच. पण त्या एका 'हो'ने निकाल लागला. पथ्य मोडले की खाट सोडायची, हा तिथला नियम रोगी दाखल होतानाच सांगितला जाई. खाटा आठच होत्या आणि वाट बघणारे पुष्कळ. शिंप्याने उद्या सकाळी घरी जावे असे ठरले आणि बायकोने तोवर आत येऊ नये असेही. पुडीमास्तरांनी तिला दाराबाहेरच्या बाकापर्यंत पोचवले, आणि ते काम त्यांनी काही वाईट वाटून केले नाही.

मावशींना सगळे पेजेच्या मावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्या सासूला घेऊन तिथे आल्या, त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. वैद्यांनी त्यांना स्वयंपाकघर दिले, मागची खोली राहायला दिली आणि अट एकच घातली.

"ह्या घरात जो सगळ्यात पातळ जेवत असेल, त्याच्यासारखं तुम्ही जेवायचं."

"का हो?"

"आजाऱ्याची पेज म्हणजे कुठंतरी कडेला शिजवलेलं धुवण, असं होतं सगळीकडे. स्वतःच्या पानात पडणार असलं की माणूस तांदूळ नीट निवडतो."

मावशींना ते पटले. तेव्हापासून एखादा रोगी औषधाने पोट साफ होऊन पेजेवर आला की मावशी पेजेवर. तो दाट पेजेवर आला की त्याही दाट पेजेवर. मग मुगाचे कढण, मग मऊ भात, आणि शेवटी पुरते जेवण. रोगी कुरकुरले की वैद्य म्हणत, "चूल पेटवताना आधी ओंडका घालता का? आधी काडी, मग काटकी, मग लाकूड. पोटातही चूलच आहे. तुमची विझत आलेली, मी फुंकर घालतोय, तुम्ही ओंडका मागताय." एक रोगी मऊ भातापर्यंत पोचावा तोवर दुसरा पेजेवर यायचा, म्हणून अकरा वर्षांत मावशींच्या वाट्याला ओंडका असा फारसा आलाच नाही. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "सून नोकरीला स्वयंपाकघरात, आणि बघा कशी, दोरीवर वाळत घातल्यासारखी!"

सगळ्यांच्या पेजेत मावशी चमचाभर चूर्ण घालत. सुंठ, जिरे, मिरे, मीठ. ज्यांच्या अंगावर सूज असे त्यांना मीठ वर्ज्य, म्हणून त्यांचे चूर्ण वेगळे, बिनमिठाचे. दोन डबे अगदी सारखे होते. बिनमिठाच्या डब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असे, आणि नवे चूर्ण भरले की मावशी आधी बोटाने जिभेला लावून बघत, मगच दोरा बांधत.

महिन्यापूर्वी मावशींना ताप आला होता. पाच दिवस अंगात मुरला आणि गेला. सहाव्या दिवशी त्या उठल्या, चूल पेटवली, जिरे भाजायला घेतले, आणि जिरे काळे झालेले त्यांना डोळ्यांनी कळले. वास नव्हता. जिभेवर जिऱ्याचा दाणा ठेवला, मग सुंठ ठेवली, शेवटी मिठाचा खडा. खडा विरघळला, इतकेच समजले.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. जीभ गेलेली स्वयंपाकीण कोण ठेवील? आणि नोकरी गेली की मागची खोली गेली. सासूला दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला, तिला घेऊन कुठे जायचे? आठ दिवसांत येईल परत, असे त्या स्वतःला समजावत राहिल्या. तोवर हाताचे माप होते. कान होते. पातळ पेज टपटप शिजते, दाट झाली की भदभद असा आवाज काढते, हे त्यांना झोपेतही ओळखू आले असते. दहा दिवस गेले, वीस गेले, रोग्यांनी नावे ठेवली नाहीत. मावशींना मनातून थोडा गर्वच झाला होता की आपण जिभेवाचून स्वयंपाक निभावला.

आज तो 'हो' म्हणून त्या मागच्या खोलीत आल्या. खोटे असे त्या काही बोलल्या नव्हत्या, असे त्यांनी मनाला सांगून पाहिले. शिंप्याच्या पेजेत मीठ कुठे होते? आपण तर लाल दोऱ्याच्याच डब्यातले चूर्ण घालत होतो.

सासूने शिंप्याच्या पातेल्यातली उरलेली पेज संपवून वाडगे पुढे केले. रोज सकाळी ती तीच घेई.

"आणखी आहे का ग?"

"तुम्हाला कधीपासून आवडायला लागली ही?"

"अग, पूर्वी नुसतं तांदळाचं धुवण असायचं. तू वाईट वाटून घेशील म्हणून गिळत होते. हल्ली चव आलीय. तीनचार दिवस झाले, मी म्हणणारच होते, सून शहाणी झाली, मीठ घालायला शिकली!"

मावशींनी वाडग्याकडे नेलेला हात मागे घेतला.

तीनचार दिवस. चारच दिवसांपूर्वी त्यांनी दोन्ही डबे धुऊन उन्हात वाळवले होते. जुना दोरा कुजला म्हणून काढून टाकला होता. नवे चूर्ण केले, दोन डबे भरले, फळीवर ठेवले, आणि तेवढ्यात दूध उतू जाते म्हणून धावल्या. परत आल्यावर नवा दोरा बांधला तो डावीकडच्या डब्याला. बिनमिठाचा डावीकडे ठेवलाय, अशी पक्की खात्री होती. जिभेला लावून बघण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मग चार दिवस त्याच डब्यातले चूर्ण घातलेली पेज त्या स्वतःही जेवल्या होत्या, अगदी नियमाप्रमाणे, शिंप्याच्या बरोबरीने. बाकीच्यांची पेज तेवढे दिवस अळणी गेली होती, पण आजाऱ्याचे तोंड आधीच बेचव, म्हणून कुणी बोलले नव्हते.

"काय झालं ग?" सासूने विचारले.

"मी वाट्टोळं केलं, आई."

"कुणाचं?"

मावशींनी सगळे सांगितले. जिभेपासून सांगितले. म्हातारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर भाजीत कधी मीठ डबल, कधी मुळीच नाही, ते काही माझ्यावरच्या रागानं नव्हतं तर!"

"आई, ही खोली जाईल."

"जाईल तर जाईल. मला उचलून नेशील तशी खोलीही नेशील दुसरीकडे. तिकडे ती बाई बाकावर बसलीय ना?"

मावशींनी फळीवरचे दोन्ही डबे उचलले आणि दाराबाहेर गेल्या. शिंपीणवहिनी बाकाच्या टोकाला, पिशवी मांडीवर उलटी करून बसल्या होत्या. पिशवी रिकामी आहे हे रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यालाही दिसावे असे त्यांना वाटत असावे.

"वहिनी, हे जरा जिभेला लावून सांगाल?"

"मी कशाला सांगू? तुम्हाला कळतंच की सगळं."

"मला कळत नाही. म्हणून तर आले."

वहिनींनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि बोट पुढे केले. पहिल्या डब्यातले चूर्ण जिभेला लावले. "हं. सुंठ, जिरं." मग लाल दोऱ्याच्या डब्यातले. आणि त्या दचकल्याच. "अग बाई! हे खारट आहे! एकवीस दिवसांनी मीठ लागलं हो जिभेला."

"एकवीस दिवसांनी?"

"ह्यांना नाही, तर मला कशाला? हे इथं आले त्या दिवसापासून घरी अळणीच खातेय मी. त्या पुड्या बांधणाऱ्याला काय सांगायचं? तो म्हणाला असता, जिभेलाही दुसरा तळ असतो." बोलता बोलता त्या थांबल्या. डब्याच्या गळ्यातला दोरा त्यांनी आता नीट पाहिला. ज्याच्या गळ्यात लाल दोरा तो डबा शिंपीदादांचा, हे एकवीस दिवसांत रुग्णालयातल्या भिंतींनाही माहीत झाले होते.

"म्हणजे मीठ ह्यातनं गेलं," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि मला त्यांच्या देखत चोर ठरवलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले."

"जीभ कधीपासून गेलीय?"

"महिना होईल."

"आणि कुणाला पत्ता नाही?" वहिनींचा राग मध्येच कुठेतरी अडखळला. "अहो, पाय मोडला तर माणूस लंगडतो. तुम्ही लंगडलातसुद्धा नाही!"

मावशींना हसू आले आणि त्याच्या पाठोपाठ रडू. पण रडायला वेळ नव्हता. "चला आत," त्या म्हणाल्या.

"मला बंदी आहे."

"माझ्याबरोबर चला. मला एकटीला जमायचं नाही."

आत वेगळाच तमाशा चालला होता. शिंपी खाटेवर उठून बसला होता आणि वैद्यांना हात जोडून सांगत होता, "माझ्या बायकोला बोल लावू नका. मीच खाल्लं, चोरून खाल्लं. कुणी दिलं ते मात्र विचारू नका. मी उद्या जातो, विषय संपला."

"विषय पायातनं वर चढतोय, शिंपीदादा," वैद्य म्हणाले. "उद्या पोटात येईल. कुणी दिलं?"

"मी दिलं," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही डबे खाटेच्या कडेवर ठेवले.

"मावशी, गप्प बसा की!" शिंपी ओरडला. "चार दिवस मी तोंड शिवून बसलोय, एक टाका उसवू दिला नाही, आणि तुम्ही स्वतःच उसवताय?"

मावशींना काही समजेना. तेव्हा शिंप्याने सांगितले. आल्या दिवसापासून तो त्यांच्याकडे चिमूटभर मीठ मागत होता. वाडगे पुढे आले की मागायचा, वाडगे परत देताना मागायचा. मावशी नाही म्हणायच्या आणि दर वेळी त्यांनाच वाईट वाटायचे. आणि चार दिवसांपूर्वी पहिल्याच घोटाला मीठ लागले. "माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. वाटलं, मावशींना पाझर फुटला. सांगता येत नाही म्हणून मुकाट्यानं घालतायत. मग मी त्यांचं नाव कसं घेऊ? खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"आणि बायकोचं मीठ अळणी होतं वाटतं!" दारातून वहिनी कडाडल्या. "मला बाकावर बसवलंत ते?"

शिंप्याने मान खाली घातली. "म्हणून तर म्हटलं ना, मीच खाल्लं म्हणून."

वैद्यांनी मावशींना बोलू दिले. मावशींनी ताप सांगितला, जीभ सांगितली, कुजलेला दोरा सांगितला. सकाळचा 'हो'सुद्धा सांगितला, तो सगळ्यात शेवटी. "वहिनींचा काही दोष नाही. मला तुम्ही काढून टाका, पण ह्यांची खाट राहू द्या."

पुडीमास्तर घसा खाकरून काही म्हणणार होते, पण वैद्यांनी नुसता हात वर केला. ते मावशींना खिडकीच्या उजेडात घेऊन गेले.

"जीभ दाखवा."

मावशींनी जीभ दाखवली. वैद्यांनी बराच वेळ पाहिली. मग नाडी धरली, आणि नाडी सोडल्यावरही मनगट क्षणभर हातातच ठेवले.

"रोज सकाळी मी ह्या घरातल्या आठ जिभा बघतो," ते म्हणाले. "नववी पेजेचं वाडगं घेऊन समोर उभी असायची. तापातून उठून सहाव्याच दिवशी तुम्ही चुलीपाशी होतात आणि मी म्हटलं, बरं झालं, पेज वेळेवर आली. तुम्हाला कुणी काडी घातली, कुणी काटकी घातली? चूक तुमची आहेच मावशी, मी नाही म्हणत नाही. सांगायला हवं होतंत. पण पहिली चूक माझी." मग वळून म्हणाले, "मास्तर, व्हरांड्यात नववी खाट टाका. शिंपीदादांची खाट हलणार नाही."

"आणि स्वयंपाक?" पुडीमास्तरांनी विचारले.

वैद्यांनी शिंपीणवहिनींकडे पाहिले. "वहिनी, अळणी करता येतं?"

"एकवीस दिवस दुसरं काय करतेय?" वहिनी म्हणाल्या, आणि बाह्या सरसावून स्वयंपाकघराकडे निघाल्या. जाताना पुडीमास्तरांसमोर रिकामी पिशवी उलटी धरून चांगली झटकली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक पुडी गुपचूप त्यांच्या चुलीशेजारी ठेवली. वरचा कागद इतका सुबक घडी घातलेला होता की औषधच वाटावे. आत खडीसाखर होती.

नवव्या खाटेवरचे ते अकरा दिवस मावशी जन्मभर विसरल्या नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे कुणी शिजवून आणून वाडगे ठेवले नव्हते. वहिनी यायच्या, खाटेपाशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "भूक लागलीय का?" पहिल्या दिवशी मावशींना उत्तरच सुचेना. हा प्रश्न अकरा वर्षे त्यांनी इतरांना विचारला होता. उत्तर द्यायचे असते तेव्हा आधी पोटात डोकावून बघावे लागते, हे त्यांना तेव्हा कळले. आता घरात सगळ्यात पातळ त्याच जेवत होत्या. दुपारी त्यांनी व्हरांड्यातून पाहिले, तर वैद्य आपल्या मेजाशी बसून तसलेच वाडगे पीत होते. कुणी त्यांना सांगितले नव्हते. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि अकरा वर्षांचे साठलेले सगळे तेव्हा डोळ्यांतून गेले.

महिनाभराने शिंप्याच्या नडगीचे हाड पुन्हा दिसू लागले. अंगठा उचलला की खड्डा पडेना. एका सकाळी वैद्य मिठाची वाटी घेऊन आले. शिंप्याच्या तळहातावर चारच कण ठेवले. मावशी, तोवर चुलीपाशी परतलेल्या, वाडगी गोळा करायला आल्या होत्या. वैद्यांनी त्यांच्याही तळहातावर चार कण ठेवले.

शिंप्याने डोळे मिटले. मावशींनी कण जिभेवर ठेवले आणि थांबल्या. काही झाले नाही. त्यांनी शिंप्याकडे पाहिले. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या, गाल आत ओढले गेले होते, आणि मग सगळा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

"कसं लागतंय?" वैद्यांनी विचारले. शिंप्याला नव्हे, मावशींना.

"छान लागतंय," शिंप्याच्या चेहऱ्यावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, आणि ह्या वेळी ते खोटे नव्हते.

शिंपी त्यानंतर बारा वर्षे जगला. पहिल्या वर्षी त्याने बिनमिठाच्या डब्याला लाल कापडाचे झबले शिवून दिले, बटणासकट, म्हणजे दोरा कुजायची भानगड नको. पुडीमास्तर पिशव्या तपासतच राहिले, पण वहिनींची पिशवी दिसली की त्यांना त्याच वेळी पुड्यांची घाई असे. सासू नव्वद पार करून गेली. आपल्या जिभेने एक माणूस वाचवला, हे ती शेवटपर्यंत सांगत असे, आणि दरवेळी त्या माणसाची सूज थोडी वाढलेली असे. वैद्य गेले ते एकोणऐंशीत. शेवटचे आठ दिवस मावशींच्याच पेजेवर होते. मुलांनी वेगळे व्यवसाय धरले, रुग्णालय बंद झाले. त्या जागेत आता चष्म्याचे दुकान आहे.

शिंपीणवहिनी स्वयंपाकघरात आल्या त्या रुग्णालय बंद होईपर्यंत राहिल्या. मावशींना पुढे गोडाची थोडी चव आली, सुंठीचा वास आला, पण मीठ काही परत आले नाही. त्यामुळे एक थेंब वहिनींच्या तळहातावर पडल्याशिवाय कोणतेही पातेले खाली उतरत नसे. त्यांनी मान हलवली की मावशी पळी ठेवत. रुग्णालय गेल्यावर दोघी शेजारी शेजारी खोल्या घेऊन राहिल्या.

मावशी अंथरुणाला खिळल्या तेव्हा वहिनीही सत्तरी ओलांडलेल्या होत्या. रोज दुपारी त्या पेज घेऊन येत, मावशींना उशीला टेकवून बसवत. वाडग्यातला एक थेंब आपल्या तळहातावर घेत, जिभेला लावत, क्षणभर थांबत.

"बरोबर आहे," त्या म्हणत.

मग मावशी तोंड उघडत.